आया सोफिया कोणाचे?

इस्तंबूलची आया सोफिया ही वास्तू १९३५पासून संग्रहालय होती. १० जुलै २०२० रोजी तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचा निकाल जाहीर झाला आणि ती पुन्हा मशीद झाली. सुलतान दुसरा मेहमद याच्या वक्फची ही मालमत्ता, म्हणून तिचा वापर मशीद म्हणूनच व्हावा, हा निकालाचा आधार. विजेत्याचे दानपत्र श्रेष्ठ ठरले!

पण त्याआधीचे काय? ५३२ साली याच शहरात, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये, जनतेने 'निका' उठाव केला. सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने रथशर्यतींच्या मैदानात सुमारे ३० हजार माणसे कापली, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपिअसने लिहून ठेवले आहे. उठावात जळालेल्या चर्चच्या जागी ५३७ साली आजची वास्तू उभी राहिली. १४५३ साली शहर पडले आणि चर्चची मशीद झाली. म्हणजे वास्तूचे भवितव्य दोन्ही वेळा तलवारीने ठरवले.

१९३४ साली अतातुर्क यांच्या सरकारने ही परंपरा मोडली. चर्च नको, मशीद नको, संग्रहालय हवे, असा निर्णय घेतला. परंतु तो मंत्रिमंडळाचा निर्णय होता, संसदेचा कायदा नव्हे. मंत्रिमंडळाच्या सहीने आलेले संग्रहालय न्यायालयाच्या निकालाने आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीने गेले. बायझंटाईन भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले कारिये संग्रहालयही त्याच वाटेने गेले. २०२४ साली तेथे नमाज सुरू झाली. आया सोफियात आज परदेशी पर्यटकाला २५ युरो मोजून वरच्या सज्जातूनच वास्तू पाहावी लागते.

या निकालावर आपल्या देशातही टीका झाली. ती योग्यच आहे. पण टीकाकारांनी बोधगयेकडेही पाहावे. १९४९च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी नेमले. अध्यक्ष हिंदूच असावा, ही अट २०१३पर्यंत कायम होती. विहार बौद्धांच्या ताब्यात द्यावे म्हणून २०२५ साली भिक्खूंना पुन्हा उपोषणाला बसावे लागले.

सत्ताधाऱ्याच्या मेहेरबानीवर टिकलेला वारसा सत्ता बदलली की हातचा जातो, हे इस्तंबूलने शिकवले. कायदाच अन्यायाचा असेल तर काय होते, हे बोधगया शिकवते. म्हणून आम्हाला मेहेरबानी नको, न्याय्य कायदा हवा. आणि तो मिळेपर्यंत संघर्ष अटळ आहे!