मूळ चित्र कोणाकडे राहतं?

कार्ल एडवर्ड वॅग्नर या अमेरिकी लेखकाची ‘डार्क क्रूसेड’ ही अद्भुतकादंबरी १९७६ मध्ये पेपरबॅकमध्ये आली. मुखपृष्ठ फ्रँक फ्रॅझेटाचं होतं. १९७९ मध्ये तेच चित्र मॉली हॅचेट या रॉक बँडच्या ‘फ्लर्टिन विथ डिझास्टर’ या रेकॉर्डच्या वेष्टनावर आलं. जून २०२३ मध्ये हेरिटेज या लिलावगृहात मूळ तैलचित्राला ६० लाख डॉलर मिळाले. कादंबरी आज ठरावीक वाचकांनाच आठवते. चित्राचं आयुष्य मात्र इतक्या वर्षांनंतरही वाढतंच आहे.

मुखपृष्ठं करून पोट भरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रवास नीट पाहावा. मानधनाचा आकडा किती, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. चित्र दिल्यावर आपल्या हातात काय उरतं, यावर फारच कमी.

फ्रॅझेटाचा जन्म १९२८ चा, ब्रुकलिनचा. ऐन उमेदीची सुमारे आठ वर्षं त्याने अल कॅप यांच्या ‘लिल अ‍ॅबनर’ या चित्रपट्टीसाठी दुसऱ्याच्या शैलीत रेखाटनं करण्यात घालवली. १९६१ च्या सुमारास तो तिथून बाहेर पडला, तेव्हा कॉमिक्सच्या कचेऱ्यांत त्याचा हात जुन्या वळणाचा ठरला होता. मग एस बुक्ससाठी टारझनकार एडगर राइस बरोज यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं सुरू झाली. पैसे बेताचे, आणि मूळ चित्र परत मिळायचं नाही. नशीब पालटलं ते एका विडंबनामुळे. ‘मॅड’ मासिकासाठी त्याने रिंगो स्टारला घेऊन शाम्पूची एक खोटी जाहिरात रंगवली. ती पाहून युनायटेड आर्टिस्ट्सने १९६५ च्या ‘व्हॉट्स न्यू पुसीकॅट?’ या चित्रपटाचं पोस्टर त्याच्याकडे सोपवलं. त्या एका दुपारच्या कामाने जवळजवळ वर्षभराची कमाई दिली, असं तो सांगत असे.

१९६६ मध्ये लॅन्सर बुक्सने कॉनन या रानटी योद्ध्याच्या पुस्तकमालिकेची मुखपृष्ठं दिली आणि मूळ चित्रं परत करायचंही कबूल केलं. ‘कॉनन द अ‍ॅडव्हेंचरर’चं पहिलंच चित्र पुन्हा काढून पाहण्यासारखं आहे. प्रेतांच्या ढिगावर उभा कॉनन, जमिनीकडे टोक केलेली तलवार, पायाला बिलगलेली स्त्री. सगळं मिळून एक भक्कम त्रिकोण. चेहरा, खांदे, मनगट इथे ब्रश बारकाईने थांबला आहे. खाली उतरावं तसतसे आकार डागांत विरघळतात, आणि मागे तर केवळ धूसर तांबूस पोकळी आहे. हातभर अंतरावरून, रॅकवरच्या शंभर पुस्तकांत ओळखू यावं, यासाठी काय सोडून द्यायचं याचा इतका अचूक हिशेब त्या काळच्या मुखपृष्ठांत क्वचितच दिसतो. ही पुस्तकं प्रचंड खपली आणि त्यात या चित्रांचा मोठा वाटा होता.

इथे एलीचं नाव घ्यायलाच हवं. फ्रॅझेटाच्या या पत्नीने व्यवहाराची बाजू स्वतःकडे घेतली. प्रकाशकाला छापण्यापुरता हक्क, बाकी सगळं घरी, हा तिचा खाक्या. घरातूनच पोस्टरं छापून ती टपालाने विकत असे. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या ईस्ट स्ट्राउड्सबर्गला मूळ चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं. १९६९ मध्ये ‘ईरी’ मासिकाच्या २३ व्या अंकासाठी काढलेलं ‘इजिप्शियन क्वीन’ पन्नास वर्षं कुटुंबाकडेच होतं; २०१९ मध्ये ते ५४ लाख डॉलरला गेलं. मासिकाच्या मुखपृष्ठाचं मानधन या रकमेपुढे कुठेच बसत नाही. अर्थात या संपत्तीची दुसरी बाजूही आहे. २००९ मध्ये एली गेली आणि चित्रांच्या मालकीवरून मुलांतला वाद कोर्टापर्यंत पोचला. तो मिटला २०१० मध्ये, फ्रॅझेटाच्या मृत्यूच्या थोडंच आधी. मूळ चित्रं सांभाळणाऱ्याने ती पुढे कोणाकडे जायची हेही लिहून ठेवावं, हे सांगायला वेगळ्या वकिलाची गरज नाही.

फ्रॅझेटा असामान्य होता, त्याचं उदाहरण सामान्य चित्रकाराला काय कामाचं, असा प्रश्न येईल. त्याला उत्तर एका पत्त्यांच्या खेळात आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ १९९३ मध्ये बाजारात आला, तेव्हा कलासंचालक जेस्पर मायरफोर्स यांनी सिअ‍ॅटलच्या कॉर्निश महाविद्यालयातल्या ओळखीच्या तरुण चित्रकारांना कामाला लावलं होतं. पहिल्या संचासाठी पंचवीस जणांनी चित्रं काढली. आज या खेळासाठी काम करणारा फ्रीलान्स चित्रकार कंपनीला छपाईचे हक्क देतो, पण रंगवलेलं मूळ चित्र त्याच्याकडे राहतं. शिवाय मागची बाजू कोरी असलेली काही कार्डं त्याला मिळतात. त्या कोऱ्या बाजूवर स्केच काढून घ्यायला संग्राहक पैसे मोजतात. संमेलनांत टेबल मांडून सह्या, प्रिंट्स, मूळ चित्रं विकणं हा अनेकांच्या वर्षाच्या कमाईचा ठोस भाग आहे. २००८ पासून पेनसिल्व्हेनियात भरणारं ‘इल्युक्सकॉन’ तर खास अद्भुतचित्रकारांसाठीच आहे.

डिजिटल कामात मात्र मूळ चित्र नावाची वस्तूच उरत नाही. टॅब्लेटवर काम लवकर होतं, दुरुस्त्या सोप्या जातात, संपादकाला हव्या तेव्हा लेयर हलवता येतात. हे फायदे खरेच आहेत. पण भिंतीवर टांगायला, लिलावात मांडायला, मुलांना द्यायला काही शिल्लक राहत नाही. डोनाटो जियानकोलासारखा चित्रकार तैलरंग सोडत नाही, त्याला आवडीइतकीच ही आर्थिक बाजूही आहे, असं आम्हाला वाटतं. ज्यांच्याकडे फक्त फाइल आहे, त्यांचं सारं भांडवल म्हणजे कॉपीराइट आणि स्वतःचं नाव.

त्या नावाचं काय होऊ शकतं, हे पोलंडच्या ग्रेग रुटकोव्स्कीने अनुभवलं. ड्रॅगन, वादळी आकाश, सोनेरी उजेड ही त्याची ओळख. सप्टेंबर २०२२ पर्यंत चित्र बनवणाऱ्या एआय यंत्रांना दिलेल्या सूचनांत त्याचं नाव सुमारे ९३ हजार वेळा आल्याचं एका शोधसंग्रहातून दिसलं. आपली चित्रं इंटरनेटवर टाकताना त्याने प्रत्येकाला नीट वर्णन जोडलं होतं. त्या चांगल्या सवयीमुळेच यंत्राला त्याचं नाव आणि त्याची शैली जोडणं सोपं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या चित्रकारांनी कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात अशी यंत्रं चालवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातले कॉपीराइट उल्लंघनाचे मुख्य मुद्दे पुढे चालवायला परवानगी दिली. या तिघांनी स्वतःच्या नावावर ही लढाई अंगावर घेतली, तिचा फायदा जगभरच्या चित्रकारांना होऊ शकतो.

आता आपल्याकडचा कायदा. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचं कलम १७ निर्मात्याला पहिला मालक मानतं, पण त्यातच एक अपवाद आहे. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढलं, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक ठरतो तो काम देणारा. म्हणजे फोनवर ठरलेल्या रंगीत मुखपृष्ठात चित्रकाराचा हक्क सुरुवातीलाच जाऊ शकतो. कलम ५३अ नुसार मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, कमाल दहा टक्के. पण तो वाटाही पहिला मालक असलेल्या निर्मात्यालाच. कलम १९ मात्र चित्रकाराच्या बाजूचं आहे: हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत.

मराठीत अद्भुत आणि विज्ञानकथांच्या चित्रांची परंपरा जुनी आहे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने या प्रकाराला हक्काची जागा दिली. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात वाटली जातात, घाईत, बहुतेकदा तोंडी. यंदा काम घेताना ईमेलमध्ये एवढं टाकावं आणि समोरच्याचं लेखी उत्तर घ्यावं: मूळ चित्र व कॉपीराइट चित्रकाराकडे, वापर फक्त या अंकाच्या किंवा या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी, अमुक वर्षांपुरता, पोस्टर, अनुवाद, ई-बुक यांचं मानधन वेगळं, चित्र एआयच्या प्रशिक्षणाला देता येणार नाही, चित्रकाराचं नाव श्रेयनामावलीत. प्रकाशकाला सगळेच हक्क हवे असतील तर त्याची किंमत वेगळी सांगावी, आणि उत्तर येईपर्यंत पहिलं स्केच पाठवू नये.