अहवालात न छापलेला रकाना



महिला महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल मी आवडीने वाचते. कुणाची नात, कुणाची भाची तिथे शिकत असते. स्नेहसंमेलनात तो अहवाल किंवा वार्षिकांक घरी येतो आणि रद्दीत जायच्या आधी माझ्याकडे पोचतो. बी.कॉम. झालेल्या बाईची ही जुनी खोड, छापलेले आकडे दिसले की पेन्सिल घेऊन बसायचे. आता त्यांची रचना पाठ झाली आहे. प्राचार्यांचे मनोगत, निकालाची टक्केवारी, गुणवत्ता यादीतल्या मुलींचे फोटो, एनएसएसचे शिबिर, कबड्डीचा संघ, नॅकची श्रेणी, नवी संगणक प्रयोगशाळा आणि शेवटी देणगीदारांची नावे. सगळे खरे असते, कौतुकाचेही असते. मुलींच्या कॉलेजने वर्षभरात एवढे उभे केले याचा मला आनंदच वाटतो.

पण हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर त्यात आरंभीची शिल्लक असते, वर्षभराची जमा असते, अखेरची शिल्लक मात्र नसते. पहिल्या वर्षाला किती मुली आल्या ते कळते. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला किती बसल्या आणि किती पास झाल्या तेही कळते. मधल्या काळात ज्या गळल्या त्या कुठे गेल्या, आणि ज्या पास झाल्या त्या पाच वर्षांनी काय करतात, हे कुठेच नसते. शंभर टक्के निकाल म्हणजे शेवटपर्यंत टिकलेल्या मुलींचा शंभर टक्के निकाल. सुरुवातीच्या आकड्याशी तो ताडून पाहिला की पेन्सिल थांबते.

कॉलेजांना अगदीच काही विचारले जात नाही असे नाही. नॅकच्या मूल्यमापनात सात निकष असतात, त्यातला पाचवा विद्यार्थ्यांना मिळणारा आधार आणि त्यांची प्रगती यांचा आहे. किती जणींना नोकरी लागली, किती जणी पुढे शिकायला गेल्या, किती जणी स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, हे तिथे भरावे लागते. जी मुलगी नोकरीला लागली नाही आणि पुढेही शिकली नाही, ती मात्र या तिन्ही प्रश्नांतून निसटते. मैत्रिणींनो, आपल्या समाजातल्या मुली मोठ्या संख्येने अशाच निसटलेल्या आहेत.

हे मी मनचे सांगत नाही. २००१ च्या जनगणनेतले धर्मवार आकडे पाहा. जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, देशातल्या मोठ्या सहा धर्मसमूहांत सर्वात जास्त. स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, तीही सर्वात जास्त. हे आकडे आपल्या व्यासपीठांवर मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. त्याच जनगणनेतला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशभरात २५.६ टक्के होते आणि जैन स्त्रियांमध्ये फक्त ९.२. सहा समूहांत सर्वात कमी. सर्वात जास्त शिकलेल्या आपण, आणि कामाच्या नोंदीत सर्वात शेवटी. आकडे जुने आहेत, पण आजूबाजूच्या घरांकडे पाहिले तर चित्र पालटले असे मला वाटत नाही.

यावर लगेच उत्तर येते की आपल्याकडे घरचा धंदा असतो, बायकांना बाहेर जायची गरजच काय. त्यात थोडे तथ्य आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी दुपारी दुकानात बसतात, उधारीची वही सांभाळतात, जीएसटीचे रिटर्न भरायच्या आधी बिले लावून देतात. मोजणीवाला दारात आला आणि त्याने विचारले, "तुम्ही काय करता?" तर आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते." म्हणजे त्या ९.२ मध्ये आपल्या तोंडाने कमी झालेल्याही बऱ्याच असतील. फर्म बायकोच्या नावावर, सही बायकोची, आणि चेकबुक कुठे ठेवले आहे ते तिला ठाऊक नाही, अशीही घरे आहेत. अशा बाईला कॉलेजने अकाउंट्स शिकवले होते, तिला चांगले मार्क मिळाले होते, तिचा फोटोही कधीकाळी अहवालात छापून आला होता.

महिलांचे शिक्षण आणि पुढचे आयुष्य यांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न नवा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि १९१५ साली मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी पुण्याजवळ हिंगण्याला विद्यापीठ सुरूही केले. पहिल्या महाविद्यालयात मुली किती? पाच. आजच्या एखाद्या कॉलेजने पाच प्रवेश झाले असे अहवालात छापले तर तुकडीच बंद होईल. अण्णासाहेब मात्र तो पाचाचा आकडा घेऊन गावोगाव वर्गणी मागत फिरले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या नावासाठी १५ लाख रुपये दिले आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपले एसएनडीटी विद्यापीठ झाले. त्या काळचे १५ लाख! सरकारची पूर्ण मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडले. तोवरच्या पस्तीस वर्षांत ज्या मुली तिथून शिकून बाहेर पडल्या, त्यांनी सरकारदरबारी न चालणारी पदवी घेतली होती.

त्या पदव्यांची नावे मला फार आवडतात. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा' आणि एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. आगम हा शब्द आपल्या रोजच्या स्वाध्यायातला. जिने आगम ग्रहण केला ती गृहीतागमा, आणि जिने तो पुढे द्यायचा ती प्रदेयागमा. म्हणजे पदवीच्या नावातच पुढचे काम सांगून ठेवले होते. घेतलेस ना, आता दे. मला विचाराल तर आपल्या मुली पहिल्या पायरीवर थांबतात, आणि त्यांना तिथेच थांबवताना आपण पेढे वाटतो.

अण्णासाहेबांच्या अभ्यासक्रमावर त्या काळात टीकाही झाली. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहशास्त्रासारखे विषय, म्हणजे मुलींना पुन्हा स्वयंपाकघरातच पाठवायचे, असे टीकाकार म्हणत. मला ही टीका अर्धीच पटते. घर चालवायला डोके लागते हे मी चाळीस वर्षे पाहते आहे. चौविहार सांभाळून, चातुर्मासात कंदमुळे आणि पालेभाज्या वगळून सहा माणसांच्या ताटात पोषण कसे राखायचे, हा आहारशास्त्राचाच प्रश्न आहे आणि तो कॉलेजात शिकवला तर चांगलेच. पण तेच शिकलेली मुलगी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून बसू शकते, हेही तिला आणि तिच्या सासूला त्याच वेळी सांगायला हवे.

आपल्या समाजातही ही वाट कुणी चालून गेले नाही असे थोडेच आहे? दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी ठिकठिकाणी मुलांसाठी बोर्डिंगे काढली, त्यांची नावे आपण अजून घेतो. त्यांची मुलगी मगनबाई लहान वयात विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवले नाही, शिकवले. मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला, विधवा आणि निराधार बायकांना तिथे शिकवून आपल्या पायावर उभे केले. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा केवढा व्याप उभा केला ते आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिले आहे. या दोघींच्या कामात शिकणे आणि शिकवणे यांच्यामध्ये भिंत नव्हती. आणि मुळात पाहा, आपल्या परंपरेत भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकवली ती ब्राह्मीला आणि अंक शिकवले ते सुंदरीला. दोन्ही मुलीच. प्रवचनात ब्राह्मीचे नाव जास्त येते. वाणिज्यवाली म्हणून माझा कल सुंदरीकडे आहे, तो तुम्ही समजून घ्याल.

आता मधेच गळणाऱ्यांविषयी. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरे केले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी सोय आहे. मिळवलेले क्रेडिट बँकेत ठेवल्यासारखे सात वर्षांपर्यंत जमा राहतात, परत येऊन पुढे शिकता येते. योजना चांगली आहे. आजारपण, बाळंतपण, बदली, कशानेही शिक्षण तुटले तरी आधीचे पाण्यात जात नाही. पण मला भीती वाटते ती आपल्या घरांची. स्थळ आले की आता म्हणता येईल, "दोन वर्षे झालीच आहेत, पदविका मिळेल, उरलेले लग्नानंतर करेल." लग्नानंतर किती जणी परत आल्या? हाच तो रकाना. बाहेर पडायचे दार उघडे ठेवले त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच दारातून किती जणी आत परतल्या तेही कॉलेजने दरवर्षी छापावे. आणि लग्न ठरवताना "शिकू देऊ" हे जे आपण तोंडी बोलतो, त्याच्याबरोबर फी कोण भरणार आणि परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक कोण करणार हेही बोलून घ्यावे. ते बोलायला आपल्याला संकोच वाटतो. सोन्याचे तोळे बोलताना वाटत नाही.

अंतराचेही तसेच. आमच्या खांदेश्वरहून चर्चगेटच्या एसएनडीटीला जायचे म्हणजे हार्बर लाइनने सव्वा तासाच्या आसपास सीएसएमटी, आणि पुढे बस किंवा पायी. मुलगी एवढ्या लांब कशी जाणार, संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवायचे तिचे कसे व्हायचे, हे प्रश्न निघतात. रास्त आहेत. पण त्याच घरातला मुलगा त्याच गाडीने मुंबईला सीएच्या आर्टिकलशिपला जातो, त्याला आई डब्यात दोन वेळचे भरून देते आणि तो गाडीत जेवून घेतो. दुसरा डबा भरायला काही अवघड नाही.

पैशाची सबबही आता पूर्वीएवढी चालत नाही. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली आहे. जैन समाजाला अल्पसंख्याक दर्जा केंद्राने २०१४ साली दिला, त्यामुळे त्या शिष्यवृत्त्याही बघता येतात. कागदपत्रांची धावपळ आहे, अटी नीट वाचाव्या लागतात. पण ज्या घरात पूजेच्या बोलीला हात वर होतो, तिथे एका मुलीचे वर्ष अडू नये.

कॉलेजच्या अहवालाकडे पाहताना मला पर्युषणातली आलोचना आठवते. मराठीत आलोचना म्हणजे टीका, ती दुसऱ्यावर करायची. आपल्या शास्त्रातली आलोचना स्वतःची. वर्षभरात किती उपवास केले, किती सामायिक झाली, याची जंत्री तिथे वाचायची नसते. कुठे चुकले, कुणाकडे दुर्लक्ष झाले, ते गुरूसमोर मांडायचे असते. एखाद्या महिला महाविद्यालयाने एक पान असे काढले, की यंदा आमच्या इतक्या मुली दुसऱ्या वर्षाला आल्या नाहीत, त्यातल्या इतक्यांचे लग्न झाले, इतक्यांच्या वडिलांची नोकरी गेली, इतक्यांना घर लांब पडले, तर नॅकचे गुण कमी होतील का वाढतील मला सांगता येणार नाही. पण त्या पानावरून देणगीदाराला पैसे कुठे द्यायचे ते कळेल. कुणाला बसच्या पासाचे पैसे हवे असतील, कुणाला दोन वर्षे राहायला वसतिगृह. आपण मात्र नवी इमारत आणि तिच्यावरची संगमरवरी पाटी यांनाच ज्ञानदान म्हणत राहतो.

कॉलेजला सांगण्याआधी आपल्या अंगणात पाहिलेले बरे म्हणून आमच्या महिला मंडळात मी एक प्रस्ताव मांडला. दरवर्षी आपण दहावी, बारावी आणि पदवीच्या मुलींचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, पाकीट. यंदापासून सत्काराच्या अर्जासोबत दुसरी एक वही ठेवायची. पाच वर्षांपूर्वी जिचा सत्कार झाला तिला फोन करायचा आणि विचारायचे, आता काय करतेस, काय करायचे होते, काय अडले. थोडी कुजबुज झाली. एकीने विचारले की हे विचारणे बरे दिसेल का, सासरच्यांना आवडेल का. मी म्हटले, सत्कार करताना माइकवर नाव घेतले तेव्हा कुठे कुणाला विचारले होते?

वही सुरू झाली आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिका काढून नावे उतरवून घेतली. बरेच नंबर बदललेत, आडनावेही बदललीत, त्यामुळे आयांना फोन करून शोधावे लागते आहे. तुमच्या मंडळाच्या जुन्या पत्रिका कुणाकडे जपून ठेवल्या असतील तर बघा.