तारेच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर हवा!

लोंढ्याच्या माणसाला गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ असते. मिरज-बेळगावकडून येणारी गाडी केव्हा, कॅसलरॉकचा घाट चढून गोव्याहून येणारी केव्हा आणि अळणावरमार्गे धारवाड-हुबळीकडे जाणारी केव्हा, हे येथील शाळकरी पोरही सांगेल. तीन दिशांचे लोहमार्ग जेथे एकत्र येतात, त्या गावाला दळणवळणाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. परंतु याच लोंढ्यात मध्यरात्री एखाद्याच्या छातीत कळ उठली आणि त्याला दरदरून घाम फुटला, तर त्याच्यापाशी डॉक्टरचा शब्द केव्हा पोहोचेल, हे मात्र कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेले नाही!

अंतरांचा हिशेब अगदी सोपा आहे. तालुक्याचे गाव खानापूर सुमारे पंचवीस किलोमीटर. हृदयरोगाचे तज्ज्ञ व सुसज्ज रुग्णालये असलेले बेळगाव त्याच्या दुप्पट दूर. दुसऱ्या बाजूस अनमोडचा घाट उतरून गोवा. खानापूर-लोंढा-रामनगर या हमरस्त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले आणि पावसाळ्यात त्याची जी दैना झाली, ती या भागातील प्रत्येक प्रवाशाने स्वतःच्या हाडांनी मोजली आहे. भीमगडच्या अरण्यातील वाड्यावस्त्यांची गोष्ट तर विचारूच नये. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी स्त्रीला भर पावसात गावकऱ्यांनी डोलीवर घालून, रानवाट तुडवीत, रुग्णवाहिका येऊ शकेल त्या ठिकाणापर्यंत आणले. ती बातमी सर्वांनी वाचली, सर्वांनी हळहळ व्यक्त केली. आणि हळहळ हीच जणू उपाययोजना असावी, अशा थाटात आपण पुन्हा आपापल्या कामास लागलो.

रस्ता झालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु आजचा प्रश्न आम्ही त्याहून नेमका विचारतो. रुग्ण रुग्णवाहिकेत चढला, दार लागले, भोंगा वाजू लागला. येथपासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचा जो तास-दीड तास, त्याचा मालक कोण? त्या वेळात रुग्णावर उपचार होतात, की त्याची केवळ वाहतूक होते?

कर्नाटकात १०८ क्रमांकाची सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली. त्या तारखेचे सीमाभागाला जे स्मरण आहे, ते क्षणभर बाजूस ठेवू. रुग्णवाहिका कोणत्या मुहूर्तावर निघाली, हे मरणाच्या दारी असलेला माणूस विचारीत नाही. या सेवेच्या रचनेत रुग्णवाहिकेत एक चालक व एक प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. डॉक्टर गाडीत नसतो. तो मध्यवर्ती केंद्रात दूरध्वनीपाशी असतो आणि तंत्रज्ञाने विचारल्यास सल्ला देतो. सीमेपलीकडे महाराष्ट्राने २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांची जी सेवा उभारली, तीत गाडीतच डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. दोन्ही पद्धतींना त्यांच्या त्यांच्या मर्यादा आहेत. गाडीतला डॉक्टर काही हृदयरोगतज्ज्ञ नसतो, त्यालाही अनुभवी तज्ज्ञाचा आधार लागतोच. परंतु जेथे गाडीत डॉक्टरच नाही, तेथे तारेच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर हा सोयीचा नव्हे, प्राणाचा प्रश्न होतो. आणि त्या डॉक्टरला रुग्ण दिसत नसेल, त्याचा हृदयलेख दिसत नसेल, केवळ गोंगाटात तुटक शब्द ऐकू येत असतील, तर तो सल्ला तरी कसला देणार?

ही काही स्वप्नरंजनाची गोष्ट नव्हे. लायडन येथील आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने १९०५ सालीच रुग्णालयातील रुग्णाचा हृदयलेख साध्या टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला होता. १९६६ साली बेलफास्टमध्ये पॅन्ट्रिज या डॉक्टराने हृदयविकाराचे उपचार रुग्णवाहिकेत चढविले. त्यापाठोपाठ, १९६७ च्या सुमारास, अमेरिकेतील मायामी शहरात नेगेल या डॉक्टराने अग्निशामक दलाच्या जवानांकडून रेडिओवरून हृदयलेख रुग्णालयात मागविण्यास आरंभ केला. ते जवान डॉक्टर नव्हते. परंतु डॉक्टरांचे डोळे त्यांच्याबरोबर गाडीत होते. जे तेथे साठ वर्षांपूर्वी रेडिओच्या लहरींवर साधले, ते आज खिशाखिशांत दूरध्वनी असताना लोंढ्याला का साधू नये?

त्याचा उपयोग काय, हेही सांगितले पाहिजे. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की मिनिटामिनिटाला स्नायू मरत जातो. ती गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेस नावाचे इंजेक्शन एकदाच टोचावे लागते. पण ते कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे हृदयलेख पाहून व रक्तस्रावाचा धोका तपासून ठरविण्याचे काम जाणकाराचेच आहे. गाडीतून हृदयलेख पुढे गेला, तर डॉक्टर सांगू शकतो : वाटेतल्या रुग्णालयात हे औषध तयार ठेवा, किंवा तेथे न थांबता थेट बेळगाव गाठा. सर्पदंश झाला असेल, तर तो सांगू शकतो की पाय घट्ट आवळून बांधू नका, अवयव हलू देऊ नका, पापण्या जड होऊ लागल्या तर श्वासाकडे लक्ष ठेवा. आणि प्रतिविष कोठे शिल्लक आहे, हे केंद्रातून आधीच विचारून घेतले जाते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल, तर कोणते औषध या क्षणी द्यावयाचे, याची आज्ञा मिळते आणि रुग्णालयात रक्ताची तयारी सुरू होते. म्हणजे रुग्ण दारात पोहोचल्यावर उपचाराचा आरंभ होत नाही; तो घरच्या उंबरठ्यावरच झालेला असतो.

या दिशेने सरकारांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या २०२१ मधील अकाली निधनानंतर त्यांच्या नावाने कर्नाटकाने ‘हृदयज्योती’ योजना २०२३ साली जाहीर केली. तालुक्याच्या रुग्णालयात हृदयलेख काढावयाचा, तो जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांनी वाचावयाचा आणि ते महागडे इंजेक्शन विनामूल्य द्यावयाचे, ही तिची रूपरेषा. गोव्यानेही २०१८-१९ च्या सुमारास आपली आरोग्य केंद्रे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी अशाच रीतीने जोडली. या योजना स्तुत्य आहेत. आमची तक्रार एवढीच, की त्यांचा प्रारंभ रुग्णालयाच्या फाटकापाशी होतो. लोंढ्याचा रुग्ण त्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत जे पंचवीस किलोमीटर कंठतो, ते कोणत्या योजनेत बसतात?

येथे आमच्या स्वतःच्या बाजूलाही एक कटु शब्द ऐकविणे भाग आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचे ठरविले. कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याला कडाडून हरकत घेतली. दोन्हीकडून आरोपांचा धुरळा उडाला. आम्ही त्या योजनेचे स्वागतच करतो. परंतु विम्याचे कार्ड हे रुग्णालयाच्या खिडकीवर चालणारे चलन आहे. खिडकीपर्यंत जिवंत पोहोचलेल्यालाच ते दाखविता येते! ज्या तळमळीने दोन राज्ये कार्डावरून भांडली, तिच्या दशांश तळमळीने त्यांनी लोंढ्याच्या रुग्णवाहिकेतील हृदयलेखयंत्राची विचारपूस केली असती, तर सीमावासीयांनी दोघांनाही दुवा दिला असता. गोव्यानेही जानेवारी २०१८ पासून परराज्यांतील रुग्णांवर शुल्क बसविले. याचा अर्थ असा, की तीन राज्यांच्या कोपऱ्यात राहणाऱ्या माणसाला तिन्ही दारे दिसतात आणि प्रत्येक दारावर त्याला प्रथम गाव विचारले जाते.

आणखी एक गोष्ट, जी राजधानीत बसलेल्यांच्या ध्यानी येत नाही : भाषा. छातीत दुखते म्हणजे कसे दुखते? कळ येते, आवळल्यासारखे होते, जळजळते, की डावा हात भरून येतो? या शब्दांच्या फरकावर निदान फिरते. खानापूर तालुक्यातील म्हातारी हे मराठीतच सांगणार. तिचे बोलणे तंत्रज्ञाने कन्नडमध्ये आणि तेथून डॉक्टरने वैद्यकीय परिभाषेत न्यावयाचे, आणि तेही धावत्या गाडीत, तुटणाऱ्या आवाजात! दोन भाषांतरांत माणूस हरवतो. म्हणून या भागाचा सल्ला देणारा डॉक्टर मराठी, कन्नड व कोंकणी समजणारा असावा, ही मागणी भाषाभिमानाची नसून निदानाची आहे. असे डॉक्टर बेळगावात मुबलक आहेत. त्यांना शोधण्यास समिती नेमावी लागणार नाही.

आक्षेप येतील. पहिला आक्षेप, की जंगलात संकेतच मिळत नाही, मग हृदयलेख जाणार कोठून? आक्षेप खरा आहे; तो झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु हृदयलेख हे काही चलच्चित्र नव्हे. त्याचा भार अत्यल्प असतो. क्षीण संकेतावरही तो जातो आणि संकेत नसेल तेथे यंत्रात साठवून पुढच्या टप्प्यावर पाठविता येतो. कोणत्या वळणावर संकेत मिळतो हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते. ती ठिकाणे नकाशावर नोंदवा. लोहमार्गालगत रेलटेलच्या प्रकाशतंतूंचे जाळे आहे, त्याचा आधार घ्या. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० संपर्कहीन गावांसाठी योजना मंजूर केली; तीत आपल्या वाड्या आहेत काय, हे आपल्या प्रतिनिधींनी सांगावे. आणि तार मुकी झाली, तर काय करावयाचे याचे लेखी आदेश तंत्रज्ञाच्या हाती आधीच असले पाहिजेत. सप्टेंबर २०२२ मध्ये १०८ च्या केंद्रातील यंत्रणाच बिघडून राज्यभर व्यत्यय आला होता. यंत्रावर विश्वास ठेवावा. पण त्याच्या भरवशावर हातपाय गाळून बसू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारला एकदा हा दूरचा डॉक्टर दाखविला, की ते जवळचा डॉक्टर नेमणारच नाही! ही भीती अनाठायी नाही. यंत्र बसविल्याचा समारंभ करून रिकामी पदे रिकामीच ठेवण्याची कला आपल्याकडे चांगलीच विकसित झाली आहे. म्हणूनच आम्ही निक्षून सांगतो, की तारेवरचा डॉक्टर हा खाटेजवळच्या डॉक्टरचा पर्याय नव्हे; तो त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा पूल आहे. पुलाच्या पलीकडे तीरच नसेल, तर पूल बांधण्यात अर्थ नाही. तालुका रुग्णालयात औषध, डॉक्टर व रक्त यांची सिद्धता नसेल, तर गाडीतून धाडलेला हृदयलेख म्हणजे केवळ मृत्यूची आगाऊ सूचना ठरेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. लोंढा भागात धावणाऱ्या प्रत्येक १०८ रुग्णवाहिकेत हृदयलेखयंत्र व ते पाठविण्याची सोय असावी, आणि तंत्रज्ञांना त्याचे शिक्षण पुनःपुन्हा द्यावे. बेळगावात चोवीस तास सल्ला देणारे, स्थानिक भाषा जाणणारे वैद्यकीय केंद्र असावे. जवळचे सुसज्ज रुग्णालय कोणत्याही राज्यात असो, निर्वाणीच्या वेळी रुग्णाला तेथे नेण्याचा आणि आधी वर्दी देण्याचा करार तिन्ही राज्यांनी करावा. आणि हाक आल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती वेळ गेला, याचा गावनिहाय हिशेब दरमहा प्रसिद्ध व्हावा. कारण जो वेळ मोजला जात नाही, तो कधीच कमी होत नाही.

बंधुभगिनींनो, हे सारे आपोआप घडेल अशी आशा कोणी बाळगू नये. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि तीन प्रश्न लेखी विचारा : आपल्या गावासाठी येणारी गाडी कोठे उभी असते? तीत हृदयलेखयंत्र आहे काय? तिच्यातील तंत्रज्ञ रात्री दोन वाजता कोणत्या डॉक्टरशी बोलतो? उत्तरेही लेखीच मागा. उत्तर आले नाही, तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. सीमाभागाने मागणी नेटाने लावून धरण्याची चिकाटी पिढ्यान्‌पिढ्या दाखविली आहे. सीमेचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. परंतु लोंढ्याच्या रुग्णाच्या छातीतील कळ त्या निकालाची वाट पाहात थांबणार नाही.