योनिव्रणेक्षण यंत्राचे विस्मरण

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात योनिव्रणेक्षण यंत्र वर्णिले आहे. सोळा अंगुळे लांब व मध्ये पोकळ. त्याचाच आजचा अवतार असलेले स्पेक्युलम आपल्यापैकी किती वैद्यांच्या चिकित्सालयात नित्य वापरात आहे?

हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतील एका रुग्णेस श्वेतप्रदर समजून आम्ही तीन महिने पुष्यानुग चूर्ण व अशोकारिष्ट दिले. शरीरसंबंधानंतर रक्त जात असल्याचे तिने संकोचाने सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. पुढे अन्यत्र झालेल्या तपासणीत गर्भाशयमुखावर अर्बुद आढळले. सुश्रुताचार्यांनी पंचेंद्रिये व प्रश्न अशी षड्विध परीक्षा सांगितली असता आमच्याकडून प्रश्न आणि दर्शन, दोन्ही राहिले. ते तीन महिने तिला परत देणे आमच्या हाती नाही.

म्हणून काही लक्षणे ध्यानी ठेवावीत. रजोनिवृत्तीनंतरचा कोणताही रक्तस्राव, पाळीच्या मधील किंवा संबंधानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधी वा रक्तमिश्रित स्राव यांस केवळ प्रदर मानून चिकित्सा आरंभू नये. सतत पोट फुगणे, थोड्या अन्नाने पोट भरणे, वारंवार मूत्रवेग ही बीजकोशाच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. ती अग्निमांद्य म्हणून सोडू नयेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे बहुतांश रुग्ण एचपीव्ही विषाणूमुळे होतात. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले. प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. किशोरवयातच ती घेणे अधिक हितावह.

निदान बायोप्सीनेच निश्चित होते. गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या अवस्थेत शस्त्रकर्म, तर पुढील अवस्थेत किरणोपचार व त्यासह रसायनोपचार दिले जातात. गर्भाशयाच्या कर्करोगात प्रायः गर्भाशय काढतात. बीजकोशाच्या कर्करोगात शस्त्रकर्म व रसायनोपचार यांची जोड असते. यांस पर्याय म्हणून आपली औषधे देऊन काळ दवडणे हा रुग्णेशी द्रोह होय. अग्निरक्षण, बलरक्षण व पथ्य यांत आपले साहाय्य मोलाचे आहे. परंतु ते कर्करोगतज्ज्ञांस कळवूनच करावे.

वैद्यबंधुभगिनींनो, पुढील प्रदररुग्णेस औषध लिहिण्यापूर्वी तिला विश्वासात घेऊन, तिच्या संमतीने व परिचारिकेच्या उपस्थितीत तपासणी करावी. आणि शंका येताच त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठविण्याचे पत्र लिहावे.