अ‍ॅस्ट्रोफिजिक्स करायचंय? कॉलेज असं निवडा

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने हिंगोलीच्या लायगो-इंडियासाठी सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. तिथे काम करायचं स्वप्न असेल, तर बारावीनंतर ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ नावाचीच डिग्री शोधत बसू नका. पुण्याच्या आयुकात बीएस्सी नाही, पीएचडी आहे. आणि तिथवरचा नेहमीचा रस्ता फिजिक्समधूनच जातो.

आयसर पुण्यासाठी आयएटी, मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट द्या. नंबर नाही लागला तर जवळचं चांगलं बीएस्सी फिजिक्सही चालतं.

माहितीपत्रकावरची दुर्बीण बघून लाखांची फी भरू नका. आधी विचारा: गणित किती वर्षं? कोडिंग शिकवतात? रिसर्च प्रोजेक्ट मिळतो? खोडदच्या जीएमआरटीत ३० अँटेना आहेत. त्यांचा डेटा कोडनेच वाचावा लागतो. पायथन मात्र आजपासूनच सुरू करा.