भाद्रपदाच्या आधी
सदर : पांदीवरून

कुत्र्यांचं कॅलेंडर आपल्या जालना जिल्ह्यात सगळ्यांना पाठ असतं. भाद्रपद लागला की गल्लोगल्ली टोळकी दिसायला लागतात, रात्रभर भुंकणं आणि भांडणं चालतात, माणसं वैतागतात. कुत्री गाभण राहिली की साधारण 63 दिवसांनी विते. म्हणजे पिल्लं होतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत. आणि नेमक्या त्याच दिवसांत मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्या-तांडे ओस पडतात. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचं पोतं, शेळी, कोंबड्यांची डाली आणि वर लेकरं. कुत्र्याला जागा झाली तर झाली. गाभण कुत्रीला तर कुणी चढवतच नाही. ती कुलूप लावलेल्या दारासमोर राहते आणि तिथंच विते.

या सदराला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो, आणि तो बहुतेक जालना शहरातल्या कॉलेजच्या मुलामुलींचा असतो. टाकून दिलेल्या, बेवारस प्राण्यांसाठी आम्हाला काम करायचं आहे, कुठं यावं? प्रश्न मनापासूनचा असतो. त्यांनी मोबाइलवर पुण्याच्या ‘रेस्क्यू’ संस्थेचं काम पाहिलेलं असतं. 2007 पासून ही संस्था जखमी प्राण्यांवर उपचार करते आहे. कुणी वर्ध्याजवळचं पिपरी मेघेचं करुणाश्रम पाहून आलेलं असतं. आपल्याकडंही असं एक फाटक असावं, रविवारी आत जावं, पिल्लांना दूध पाजावं, एखादं पिंजऱ्यातून बाहेर काढून फिरवून आणावं, अशी त्यांची कल्पना असते. त्या सगळ्यांना मी एकच सांगतो. फाटकाची वाट पाहू नका. आपल्या जिल्ह्यातलं काम श्रावणात आहे आणि ते तांड्यावर आहे.

हे का म्हणतो, ते सांगण्याआधी मार्गशीर्षात काय करावं लागतं ते पाहा. हे काम करणारी जालन्यातली काही मुलं मी ओळखतो. कुणी मेडिकल दुकानात काम करतं, कुणी सळईच्या कारखान्यात पाळीवर असतं, दोघीतिघी शिकतात. एकदा मोंढ्यामागं त्यांचं काम अगदी जवळ बसून पाहिलं. कुत्र्याच्या मानेला जखम होती. वरून रुपयाएवढी दिसत होती, पण आत चांगली खोल गेलेली, अळ्या पडलेल्या. एका मुलीनं आधी बँडेजच्या पट्टीचा फास त्याच्या तोंडावरून घेऊन कानांमागं गाठ मारली. एक पोरगा त्याला मागून मांडीत धरून बसला. जखमेभोवतीचे केस कात्रीनं कापले, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं ती धुतली, औषध फवारलं आणि थांबले. अळ्या तोंडाशी यायला लागल्या तशी ती चिमट्यानं एकेक उचलून बाटलीच्या झाकणात टाकत होती. मधूनमधून मोबाइलची बॅटरी आत मारून बघायचं, पुन्हा फवारायचं, पुन्हा थांबायचं. घाई केली तर अळी तुटते, तुकडा आत राहतो आणि जखम परत चिघळते. कुत्रं कण्हत होतं. ती त्याच्याशी सारखं बोलत होती, “झालं रे बाळा, झालं, एवढंच.”

त्या दिवशी बघ्यांची गर्दी होती, फोटो निघाले. पुढं रोज त्याच जागी जाऊन, कुत्रं शोधून, पुन्हा तोंड बांधून जखम धुवायची होती. तेव्हा त्या मुलीला धरायला एक माणूस मिळेना. या कामात माणसं कमी पडतात ती इथं. कुत्रं उचलून आणायला चार हात मिळतात. बरं होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे कुणाकडंच नसतात. भटक्या कुत्र्यांना लिंगाजवळ रक्ताळ गाठी येतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. पाहून लोक दगड मारतात. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा कर्करोग आहे आणि गंमत नाही, खरंच सांगतो, तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आठवड्याला एक इंजेक्शन, असे काही आठवडे. पण दर आठवड्याला ते कुत्रं सापडलं पाहिजे. दुसऱ्या आठवड्याला ते नाहीसं झालं की उपचार तिथंच संपतात. म्हणून ज्यांना सुई पाहवत नाही, रक्त बघून चक्कर येते, त्यांनीही या कामात यावं. तुमच्या शेतात जनावरं विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा असेल, तर तो तीन आठवडे द्या. दत्तक घ्यायची सक्ती नाही, आयुष्यभराची जबाबदारी नाही. बरं होईपर्यंत एक आडोसा, पाणी आणि दोन वेळची भाकरी एवढंच पाहिजे असतं.

दुसरी एक गोष्ट शहरात वाढताना दिसते. हौसेनं आणलेले लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन आणि आता तर हस्कीसुद्धा. मे महिन्यात मराठवाड्यात बर्फातलं कुत्रं पत्र्याखाली बांधून ठेवायचं, हा त्या जिवाचा छळ आहे. पिल्लू मोठं होतं, खाणं वाढतं, गोचिड होतात, कातडी बिघडते, घरमालक कुरकुरतो. मग एका रात्री गाडीत घालून हायवेच्या ढाब्यापाशी सोडून येतात. गावठी कुत्र्याला रस्त्यावर जगायची अक्कल तरी असते. घरात वाढलेलं हे कुत्रं येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं धावतं, कारण त्याचा माणूस गाडीतूनच गेलेला असतो. भूक-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून तो कायदा आला. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. त्या दंडाला कोण घाबरणार? त्यापेक्षा विकत घेताना अडवणं सोपं आहे. 2017 च्या नियमांप्रमाणं कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुमचा मित्र पिल्लू आणायला निघाला असेल, तर त्याच्याबरोबर जा आणि विकणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. हीसुद्धा सेवाच आहे, आणि तिला रविवार लागत नाही.

आता लोकांच्या रागाबद्दल. माझ्याकडं येणाऱ्या पत्रांत कुत्र्यांवर जीव लावणारे असतात, तसे चावा घेतलेल्या लेकरांचे आईबापही असतात. त्यांचा राग खोटा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ज्याला प्राण्यांसाठी काम करायचं आहे, त्यानं ही भीती आपली मानली नाही, तर गावात त्याला कुणी उभं करणार नाही, आणि करूही नये. म्हणून पहिला नियम : स्वतः लस घेतल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. चावण्याआधी घ्यायची लस तीन डोसची असते, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. दुसरा नियम गावाला शिकवायचा. चावलं की हळद-मिरची-चुना काही लावायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तांड्यावर जाऊन एवढं जरी पाच घरांना करून दाखवलं, तरी तुमचा दिवस कारणी लागला.

राग वाढत गेला आणि कुणी काहीच केलं नाही की काय होतं, हे आपल्या शेजारीच घडून गेलं आहे. सप्टेंबर 2019 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात गिरडा-सावळदबारा रस्त्याच्या जंगलात तोंड आणि पाय बांधून टाकलेली शंभरेक कुत्री सापडली. त्यातली सुमारे 90 मेलेली होती. तो भाद्रपदच होता. कुत्री मारून संख्या आटोक्यात आणायचा खटाटोप मुंबईत इंग्रजांनीही केला, 1832 मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, आणि तरीही मारण्याची पद्धत नव्वदच्या दशकापर्यंत चालू होती. संख्या काही आटोक्यात आली नाही. मारलेल्याची जागा दुसरं कुत्रं घेतं, आणि उरलेल्या कुत्र्या पुढच्या भाद्रपदात गाभण राहतात.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात यावर बरंच काही झालं. 22 ऑगस्टच्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायला सांगितलं. रेबीजची लागण झालेली किंवा आक्रमक असलेली तेवढी वगळली. 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांवरची कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवावीत, तिथं परत सोडू नयेत, असं म्हटलं. 2023 मध्ये जालना नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हा हे सगळं आता तिच्या अंगावर आहे. उद्या जाळीचा निवारा उभा राहील, कुत्री आत जातील. आत पार्वो हा विषाणू शिरला तर आठवड्यात पिल्लांचा फडशा पडतो. तिथं रोज झाडायला, पाणी बदलायला, आजारी कुत्रं वेगळं काढायला आणि दत्तक घेणाऱ्याचं घर पाहून यायला माणसं नसतील, तर तो निवारा कोंडवाडा होईल. जिल्हा पातळीवर प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असावी आणि तिच्याकडं दवाखाना व निवारा असावा, असं 2001 चे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्यात ती कागदावर आहे की जागेवर, हे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून विचारणंही कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. कॉलेजच्या मुलांना हे सहज जमेल.

पण हे झालं शहराचं. तांड्याचं काम वेगळं आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे, कारण तिथल्या कुत्र्याला घर आहे. मंठ्याकडच्या एका वस्तीवर एक म्हातारी सांगत होती, “मव्हं लेक-सून गेले कोयत्यावर, ह्ये राह्यलं मव्ह्यापाशी. रातची राखण करतंय. पर डागतर कुठून आणावा याला?” मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना, शाळेसाठी ठेवलेल्या नातवंडांना खरा आधार त्या कुत्र्याचाच असतो. कुत्रीची शस्त्रक्रिया झाली, की तिला काही दिवस बांधून ठेवावं लागतं, टाके चाटू द्यायचे नसतात, वेळेवर गोळी द्यायची असते. हे घरची माणसं घरी असताना होतं. श्रावणात ती घरी असतात. मार्गशीर्षात दाराला कुलूप असतं. श्रावणात शस्त्रक्रिया झाली तर भाद्रपद टळतो, भाद्रपद टळला तर थंडीत कुलपासमोर पिल्लं मरत नाहीत, आणि त्या मुलीचा चिमटाही थोडा कमी चालतो.

हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आपल्याच जिल्ह्यात गोठ्या-गोठ्यांतून गायी-बैलांना लस टोचली गेली. पशुधन पर्यवेक्षक बर्फाचा डबा गळ्यात अडकवून चिखलातून वाड्यांवर गेले. त्याच दावणीशेजारी बांधलेल्या कुत्र्याकडं कुणी पाहिलं नाही, कारण ते दूध देत नाही, औत ओढत नाही. ती माणसं, ते डबे आणि ते रस्ते अजून तिथंच आहेत. भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मानलं गेलं आहे, आणि 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा राष्ट्रीय आराखडा 2021 मध्येच जाहीर झाला आहे.

श्रावणात गावोगाव सप्ते बसतात. कीर्तनात नामदेवांची गोष्ट येतेच येते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं ते तुपाची वाटी घेऊन धावले, ती. त्याच मंडपात काल्याच्या आदल्या सकाळी लसीकरण ठेवता येईल. महाराजांनी कीर्तनातून एकदा सांगितलं, तर लोक दोरी लावून कुत्री घेऊन येतील. स्वयंसेवकानं आधी जाऊन घरं फिरायची, कुत्र्यांची नोंद करायची, पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी कळवायचं, त्या दिवशी कुत्री धरायची आणि प्रत्येक घराला कार्ड लिहून द्यायचं. शस्त्रक्रिया मात्र मंडपात करायची नाही. पाळलेली कुत्री दवाखान्यात नोंदणीकृत डॉक्टरकडंच न्यायची, आणि बेवारस कुत्र्यांची नसबंदी महापालिका-नगरपालिकेनं मान्यताप्राप्त संस्थेकडून 2023 च्या नियमांप्रमाणंच करायची. उत्साहाच्या भरात कुणी स्वतः शिबिर भरवून कुत्र्या कापल्या, तर त्या मरतील आणि गाव पुन्हा कधी दार उघडणार नाही. ज्यांची श्रावणात राहून गेली, त्यांच्या लसीसाठी 28 सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन, हा दुसरा मुहूर्त आहे. तो बहुतेक वर्षी दसऱ्याच्या आधी येतो आणि गाड्या तोवर हललेल्या नसतात.

तांड्याच्या नायकाला भेटायला आषाढाचे दिवस चांगले. घरं किती, कुत्री किती, त्यातल्या माद्या किती, हे तो ओसरीवर बसून सांगतो. टोळी कुठल्या आठवड्यात हलणार, याचा अंदाज मुकादमाला आधीच असतो. त्याच्याकडून तो लिहून घ्या, त्यातून दोन महिने मागं मोजा आणि त्या तारखांना दवाखान्यात डॉक्टरांची वेळ मागा.