मोडीचा भाव आधी सांगा

सणासुदीला खामगावातल्या दुकानांकडून मोबाइलवर जे संदेश येतात, त्यांत लक्ष्मी असते, दुकानाचा दर्शनी भाग असतो, हात जोडलेले मालक असतात आणि खाली दोन नंबर. दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या संदेशात फरक काय तो झेंडूचा आणि गुढीचा. ते पाठवू नका असं मी म्हणणार नाही. शेजारधर्म म्हणून ठीकच आहे. पण त्यानं गिऱ्हाईक येतं असं कुणी मानत असेल, तर त्यानं गेल्या दिवाळीची वही उघडून बघावी.

या सदराचे काही तरुण वाचक अलीकडे विचारतात, की ई-मेलवरून माहितीपर पत्रं पाठवून धंदा वाढतो म्हणतात, ते आपल्या गावात चालेल का? रीत साधी आहे. विकायची घाई न करता गिऱ्हाइकाला त्याच्या कामाचं काहीतरी नियमित सांगत राहायचं, म्हणजे गरज पडली की त्याला तुमचंच नाव आठवतं. अमेरिकेत हिला आता मोठमोठी नावं आहेत, पण आपल्याकडे ही नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तो नांगर शेतात चालवून दाखवावा लागला, समजावून सांगावा लागला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते कारखान्याचं, त्याच्या मालाचं आणि गिऱ्हाइकांचं पत्र म्हणून. त्याचंच १९२९ साली ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि नांगराशी काडीचा संबंध नसलेली घरंही ते वर्गणी भरून वाचू लागली. जाहिरातीसाठी कुणी वर्गणी भरत नाही. वाचण्यासारखं काही असलं तरच भरतं.

आता आपल्या रजतनगरीकडे वळू. १८७० साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आणला तो कापसानं. पण आज बाहेरगावचा पाहुणा खामगावात आला की विचारतो चांदीचं. इथल्या चांदीच्या शुद्धतेचा लौकिक आहे आणि सगळी बाजारपेठ त्या लौकिकावर जगते. तरीही काउंटरवर रोज तेच संवाद. “भाऊ, दोन महिन्यांत काळे पडले ना हे पैंजण. चांदी खरी हाय का?” भाऊ म्हणतात, “ताई, खामगावची चांदी आहे!” हे उत्तर झालं का? ताई गप्प बसतात, पण मनातली शंका तशीच घेऊन घरी जातात.

याच प्रश्नाचं पत्र करा. विषयाच्या ओळीत फक्त ‘चांदी काळी का पडते?’ एवढंच. आत लिहा, की हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची क्रिया होते आणि वर काळा थर बसतो. तो भेसळीचा पुरावा नव्हे. उलट शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी असलेला ९२५ चा दागिना निव्वळ चांदीपेक्षा लवकर काळवंडतो, कारण घट्टपणासाठी त्यात बहुधा तांबं घातलेलं असतं. दागिने रबरबँडमध्ये गुंडाळून ठेवू नका, हवाबंद पिशवीत ठेवा. टूथपेस्टनं घासू नका, चरे पडतात. भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा घेऊन त्यात फॉइलला टेकेल अशी वस्तू ठेवली, की गंधक चांदी सोडून अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदीची झीज होत नाही. मात्र मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीला किंवा खड्यांच्या दागिन्याला हा उपाय करू नये. शेवटी एक ओळ: दुकानात आणलंत तर धुऊन देऊ. संपलं पत्र. सवलत नाही, ‘त्वरा करा’ नाही.

हे सोपं पत्र झालं. खरी परीक्षा दुसऱ्या पत्राला आहे आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. घेताना घडणावळ किती लागली आणि मोडीला परत किती मिळेल? प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात हा प्रश्न असतो आणि प्रत्येक दुकानदार चहा मागवून तो टाळतो. माझं मत असं, की काउंटरवर ज्याला बगल देता तोच पत्राचा विषय. घडणावळ परत मिळत नाही, हे लिहा. घुंगरांच्या पैंजणाला जागोजागी डाख असतो, डाखात चांदी कमी असते, म्हणून वितळवल्यावर टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, उतरतो, हे लिहा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांनाही हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी क्रमांक मिळू लागला आहे आणि तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. पण सोन्यासारखी सक्ती चांदीला झालेली नाही, हेही लिहा. भावानं किलोमागे दोन लाखांचा आकडा मागे टाकल्यावर गिऱ्हाईक दहा ग्रॅमच्या घटीचाही हिशेब मागणारच.

“सगळंच सांगितलं तर तो आमच्याकडून शिकेल आणि घेईल शेजारच्या दुकानातून,” असं एक सराफ म्हणाले. काही जण घेतीलही. पण शहाणं झालेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन हेच प्रश्न विचारणार, आणि तिथे चहा आला तर?

राहिला ई-मेलचा प्रश्न. पैंजण घेणाऱ्या ताई ई-मेल उघडत नाहीत. त्यांना हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर द्या. कृषी केंद्रवाल्यांनीही तेच करावं. कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर हमीभाव पूर्ण, त्यावर कपात आणि १२ च्या वर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) घेतच नाही, ही ओळ वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या मोबाइलवर हवी.

ई-मेल कामाला येतो तो जिथे खरेदी एकट्यानं होत नाही तिथे. देवस्थानचंच घ्या. गाभाऱ्याचं दार चांदीनं मढवायचं, तर विश्वस्तांच्या बैठकी होतात, निम्मे विश्वस्त पुण्या-मुंबईत असतात, निर्णयाला वर्षही लागतं. पत्रा किती जाडीचा घ्यावा, मढवण्याआधी आणि नंतर वजन कुणासमोर करावं, कातरणीचा हिशेब कसा मागावा, हे मुद्देसूद लिहिलेलं पत्र एक विश्वस्त दुसऱ्याला पाठवतो, कारण बैठकीत त्यालाच हे सांगायचं असतं. कंपन्यांचे खरेदी विभाग, संस्थांची कार्यालयं, परदेशात स्थायिक झालेली इथलीच मुलं, हे सगळे ई-मेलवाले. असे दोनशे पत्ते पुष्कळ झाले.

पत्ते मात्र विचारून घ्या. बिलासाठी घेतलेला पत्ता बिलापुरताच; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे. साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशेच्या वर पत्ते गाठता येत नाहीत, आणि कुठून तरी विकत आणलेल्या यादीला एका दमात पत्र टाकलं तर ते स्पॅममध्ये जातं. २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर रोज पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या पत्रांत एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय देणं गूगलनं बंधनकारक केलंय. तुमचा पसारा एवढा नसला तरी ती सोय ठेवा. किती जणांनी पत्र उघडलं ते आकडे फार मनावर घेऊ नका. २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसू शकतं. उत्तरं किती आली ते मोजा.

मोडीच्या पत्राला पहिलं उत्तर येईल ते बहुधा भांडणाचं: ‘मागच्या वर्षी तुमच्याकडून नेलेल्या समईचा टंच काढून द्या.’ त्याच दिवशी उलट लिहा, कोणत्या वेळी या ते कळवा. आणि मशीन फक्त वरच्या थराचा टंच दाखवतं, मुलामा असेल तर ते फसतं, म्हणून आतला कस कसा बघणार तेही त्यातच लिहा.